दारावरच्याचं पान

कावेरीबाई खासनीसांचं पत्र आलं तेव्हा मी आणि वत्सला मटार सोलत बसलो होतो. निळं आंतरदेशीय पत्र, हिरवी शाई, मोठं आणि सावकाश काढलेलं अक्षर. मी हात पंच्याला पुसले, पत्र फोडलं, वाचलं आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

“कुणाचं?” वत्सलेने विचारलं.

“आडवशाच्या काकूंचं.”

“काय म्हणतात?”

“एक प्रश्न विचारलाय.”

“मग द्या की उत्तर. तुम्हाला कुणी काही विचारलं की दोन दिवस घरात गाणं म्हणत फिरता.”

खरंच होतं ते. आमच्या गावच्या इतिहास मंडळात मी चाळीस वर्षं मोडी कागद वाचत काढली. मला विचारायला येणारा माणूस वर्षाकाठी एखादाच. पण त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षी नाही. दर दिवाळीला कपाट आवरताना ते वत्सलेच्या हाती लागायचं. ती विचारायची, “अहो, पाठवलंत का?” मी म्हणायचो, “पाठवतो.” अशी नऊ वर्षं गेली.

गोष्ट सुरू झाली ती केतकी सामकपासून. पुण्यात संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत ती कथा लिहायची. तिशीची असेल. मंडळाच्या वाचनालयात आली आणि माझ्यासमोर बसून म्हणाली, “सर, मला मारायला नऊ माणसं हवीत.”

मी चष्मा काढून पुसला. असं काही झालं की मी चष्मा पुसतो.

मग तिने नीट सांगितलं. खेळ मोगलाईच्या काळातला. एक गुप्त संघ आहे, तो फितुरांना हुडकून मारतो. खेळणाऱ्याने त्या संघातला मारेकरी व्हायचं. ज्याला मारायचं त्याला ते ‘टार्गेट’ म्हणत. त्याचा माग काढायचा, त्याच्या सवयी शिकायच्या, आणि पाठीमागून जाऊन कट्यार घालायची. असे नऊ टार्गेट.

“बादशहा, सुभेदार नकोत,” ती म्हणाली. “त्यांच्यावरून भांडणं होतात. लहान माणसं हवीत. नाव खरं, पण कुणाच्या लक्षात नसलेलं. आणि मागे वंश नको. वंशज असले की वकील असतो.”

“आणि मारून झाल्यावर?”

“मारून झाल्यावर पडदा पांढरा होतो. मारणारा आणि मरणारा, दोघंच. मरणाऱ्याला एक मिनिट मिळतं. तो जे बोलतो ते खरं असतं. आमच्या खेळाचा नियमच आहे तो.”

“इतिहासात एवढी सोय नाही,” मी म्हणालो. ती हसली. मी विनोद केला आणि कुणी हसलं, असं फार वेळा झालेलं नाही. तिथेच मी फसलो असं आता वाटतं.

आठ नावं मी दोन महिन्यांत काढली. नववं सुचेना. मग सांबरगडची एक बखर आठवली. वेढा पडला, सात महिने गड लढला आणि एका पहाटे आतून दिंडी दरवाजा उघडला गेला. कुणी उघडला, बखरकार सांगत नाही. एवढंच लिहितो की सबनीस विसाजी त्रिंबक याजवर बोलवा आला. बोलवा म्हणजे कुजबुज. सबनीस म्हणजे गडावरच्या माणसांची हजेरी लिहिणारा कारकून. माझ्यासारखाच कागदाचा माणूस. या कुजबुजीवर एखाद्याला फितूर ठरवणं बरोबर नाही, हे मला कळत होतं. पण खेळच तर आहे, असं मी स्वतःला म्हटलं. त्याच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढला. विसाजीच्या नावापुढे शून्य होतं. निर्वंश.

केतकीने पान उलटून पाहिलं. “मुलगी नव्हती का त्याला?”

“कुलवृत्तांतात मुली देत नाहीत.”

“मग त्या जातात कुठे?”

“सासरच्या कुलवृत्तांतात.”

“तिथे सापडतात?”

“तिथे नुसतं सासरचं नाव असतं.”

“म्हणजे कुठेच नाहीत,” ती म्हणाली आणि विसाजी त्रिंबक हे नाव वहीत लिहून घेतलं. तिने विचारलं होतं, मी ऐकलं होतं, आणि दोघंही पुढे गेलो. त्याची शेवटची वाक्यं मीच लिहिली. ‘मी जगायला उघडला दरवाजा, मरायला नव्हे.’ मला ती फार बरी वाटली होती.

खेळ बाजारात आला. शेवटी सरकणाऱ्या नावांत माझं नाव होतं. भाच्याने ते थांबवून दाखवलं आणि वत्सलेने त्या दिवशी शिरा केला.

चार महिन्यांनी नोटीस आली. आडवसे गावचे प्रभाकर खासनीस, वकील. आपण विसाजी त्रिंबकांच्या कन्येचे वंशज आहोत. विसाजीपंत गड राखताना धारातीर्थी पडले. त्यांच्या हातचा कागद आपल्या देवघरात आहे. खेळातून त्यांना काढावं, जाहीर माफी मागावी, आणि ज्या तथाकथित अभ्यासकाने ही बदनामी केली त्याने समक्ष येऊन तो कागद वाचावा.

‘तथाकथित’ हा शब्द मी बरेच दिवस घेऊन हिंडत होतो.

केतकी तिच्या गाडीतून मला आडवशाला घेऊन गेली. सांबरगड तिथून समोर दिसतो. घर साधं, सिमेंटचं, पुढे छोटा पडवीवजा व्हरांडा. प्रभाकरराव पन्नाशीचे, दणकट, आवाज कोर्टातला.

“या. तुम्हीच का ते नूलकर?”

“हो.”

“मला वाटलं होतं, कुणी तरणाबांड असेल. एवढं बेधडक लिहिणारा.”

“मी लिहिताना बसलेला असतो,” मी पुटपुटलो. ते हसले नाहीत.

कावेरीबाई त्यांच्या आई. पंचाहत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, नऊवारीतल्या. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “जेवायला थोडा उशीर होईल हं. आज पानाचा दिवस आहे. ते वाढल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवत नाही.”

“मुद्दामच आजचा दिवस दिला,” प्रभाकरराव म्हणाले. “गड पडल्याची तिथी. दर वर्षी विसाजीपंतांचं पान वाढतो आम्ही. तीनशे वर्षं खंड नाही. बघा म्हटलं, फितुराचं असं कुणी करतं का.”

कावेरीबाईंनी केळीचं पान आणलं. वरण, भात, भाजी, पुरण, मीठ, लिंबू, सगळं जागच्या जागी. पण पान देवघरात नेलं नाही की पाटावर मांडलं नाही. उंबऱ्याच्या बाहेर, दाराला लागून ठेवलं. तोंड बाहेर, गडाकडे.

“दारात का हो, काकू?” केतकीने विचारलं.

“रीत आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूबाई तिथेच ठेवायच्या.”

“आई, तेवढं राहू दे. आधी कागद,” प्रभाकरराव म्हणाले.

काचेची चौकट देवघरातून खाली आली. त्यांनी मागचे खिळे काढले आणि कागद माझ्यासमोर पसरला. वीतभर लांब, मधोमध घडी, खालच्या कडेला कुंकवाचे डाग. हळदीकुंकू वाहून वाहून तो पिवळा पडला होता. सात ओळी. वळण घाईचं होतं, पण अक्षर ओळखीचं वाटावं असं सरळ. केतकीने त्याचा फोटो घेतला. प्रभाकररावांनी आपला फोन माझ्यापुढे टेकवून ठेवला, आवाज मुद्रित करायला.

“वाचा आता. मोठ्याने.”

“आधी मनात वाचतो,” मी म्हणालो. “पद्धत असते.”

भिंग लावलं. पहिल्या ओळीत व्याह्यांना नमस्कार. दुसऱ्या ओळीत मुलगी. सगुणा. ती वेढा घालणाऱ्यांच्या गोटात सापडली होती, आज सुटली, तुमच्याकडे येईल. माझा श्वास हलका झाला होता. वाटलं, बापाचं पत्र आहे, काळजीचं आहे, यात काय असणार.

तिसरी ओळ अशी होती : तिचे मोबदला आम्ही दिंडी उघडून दिली.

मी भिंग पुसलं. पुन्हा वाचलं. चाळीस वर्षांत मी असंख्य कागद चुकीचे वाचले असतील, पण ही ओळ चुकण्यासारखी नव्हती. चौथी ओळ : भिवा नाईक दारावर होता, त्यास विनविले, ऐकेना. पाचवी : मग आम्हीच त्यास पाठीमागून मारिले. सहावी : त्याचे हातची किल्ली मेल्यावरही सुटेना.

मी वाचनालयात खुर्चीवर बसून, एका कुजबुजीवर, खेळासाठी म्हणून जे रचलं होतं ते खरं होतं. हे घर त्या उघडलेल्या दरवाजातून बाहेर आलं होतं. सगुणा सुटली म्हणून हे सगळे होते. आणि तो कागद यांनी देवात ठेवला होता. कुणालाही वाचता येत नव्हता म्हणून.

सातव्या ओळीकडे मी पाहिलंच नाही. पाहण्याचं बळ नव्हतं.

“काय झालं?” प्रभाकरराव म्हणाले. “लागत नाही का?”

“लागतंय.”

“मग वाचा.”

मी वर पाहिलं. कावेरीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, हातात तुपाचं भांडं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं, या बाईने आयुष्यभर हे पान वाढलं. आज हिच्या दारात बसून, हिच्या घरचं जेवायच्या आधी, मी हिला हे सांगू?

आणि मी वाचायला लागलो. जन्मात चार माणसांपुढे दोन वाक्यं धड न बोललेला मी, त्या दिवशी अडखळलो नाही. विसाजीपंतांनी व्याह्यांना लिहिलं आहे की गडावर दाणा संपला, तरी आम्ही स्वामींच्या मिठाला जागून आहोत. मुलीला आशीर्वाद सांगावा. आम्ही परत येऊ न येऊ. शर्थ करू, देह ठेवू, पण दरवाजा देणार नाही. माझा मलाच आवाज ऐकू येत होता, घंटेसारखा. मग मला वाटलं, दरवाजा तर उघडला गेला होता. कुणी तरी उघडला पाहिजे. ते सांगितलं नाही तर यांचा विश्वास बसणार नाही. त्या कागदावर मुलीखेरीज दुसरं एकच नाव होतं.

“‘दारावरचा भिवा नाईक फितला,’” मी वाचलं. “‘त्याचा भरवसा नाही.’”

प्रभाकररावांनी डोळे पुसले. त्या दणकट माणसाने माझे दोन्ही हात धरले. “सर,” ते म्हणाले, “मी तुम्हाला बोललो ते विसरा.”

कावेरीबाई तशाच उभ्या होत्या. “नाव काय म्हणालात?”

“भिवा नाईक.”

“भिवा नाईक,” त्यांनी हळूच म्हणून पाहिलं. दारातल्या पानाकडे पाहिलं. मग भातावर तूप न वाढताच आत गेल्या. मला वाटलं, गहिवरल्या असतील.

जेवण झालं. मला आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या त्या प्रभाकररावांनी. कावेरीबाई बाहेर आल्या नाहीत.

परतताना केतकीने गाडी घाटाला लावली. मग म्हणाली, “सर, कायदेशीर बाजू मिटली. विसाजीपंतांना काढते. पण नववा टार्गेट तर लागेलच. गडाचा सगळा भाग त्याच्यावरच उभा आहे.” घाट उतरेपर्यंत ती विचार करत राहिली. “भिवा नाईक चालेल? त्याचं कुणी असेल का मागे?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“तुम्ही कुठे शोधाल?”

“नाइकांचे कुलवृत्तांत छापलेले नाहीत.”

“मग घेऊ?”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिने त्याचा अर्थ हो असा घेतला. तो तसाच होता.

दीड महिन्यांनी तिने मला चित्रफीत पाठवली. नवा भाग. सांबरगडचा दिंडी दरवाजा, पहाटेचं धुकं, दारावर एक उघडाबंब माणूस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मारेकरी भिंतीच्या कडेकडेने येतो. माणूस जागचा हलत नाही, तो बाहेर बघतोय. पाठीत कट्यार जाते. पडदा पांढरा. मरताना तो म्हणतो, ‘पोटासाठी विकला दरवाजा.’ हे वाक्य केतकीचं होतं. तिची काय चूक, तिला मीच सांगितलं होतं.

मी ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं की तो बरोबर तसाच मरतो आहे. दारावर उभा, तोंड बाहेर, पाठीमागून. विसाजीने मारलं होतं तसा. फरक एवढाच की आता त्याला रोज हजारो मुलं मारणार होती, आणि प्रत्येकाला वाटणार होतं की बरं झालं.

वत्सला म्हणाली, “अहो, तुम्हाला बरं नाही का?”

“ऊन लागलं असेल.”

“घरात बसून?”

त्याच आठवड्यात कावेरीबाईंचं पत्र आलं, आणि मी मटार सोलता सोलता ते फोडलं. त्यात काय होतं ते आता सांगतो. वत्सलेलाही मी नीट सांगितलं नव्हतं.

‘श्री. नूलकर यांस सा. न.,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘मला मोडी येत नाही, पण ओळी मोजता येतात. कागदावर सात ओळी आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज पुसते तो. तुम्ही जे वाचलंत ते सात ओळींत मावणारं नव्हतं. आरती होईल एवढं ते लांब होतं. प्रभाकरला हे कळलेलं नाही. त्याला हवं ते त्याला मिळालं.

‘दुसरं म्हणजे, ते पान विसाजीपंतांचं नाही. घरातल्या पुरुषांना तसं वाटतं, आम्ही वाटू देतो. माझ्या सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. हे दारावरच्याचं पान. तो कोण, त्याचं नाव काय, आपण त्याला का वाढतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. एवढंच ठाऊक की चुकवायचं नाही. नाव मी त्या दिवशी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. भिवा नाईक. आणि त्याच दमात तुम्ही म्हणालात की तो फितूर होता.

‘मग आम्ही तीनशे वर्षं कुणाला वाढलं? पुढच्या वर्षी वाढायचं की नाही? एवढं कळवावं.’

मी उठलो, केतकीने दिलेला कागदाचा फोटो काढला आणि भिंग घेऊन सातवी ओळ वाचली. वाचून झाल्यावर फोटो पालथा ठेवला.

उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. बऱ्याचदा बसलो. खरं लिहावं तर मी खोटारडा, आणि प्रभाकररावांच्या आजोबांच्या आजोबांपासूनचं घर खुन्याचं. शिवाय खेळ बाजारात गेलेला. मी स्वतःला सांगायचो की त्या बाईचा जीव आता किती, कशाला दुखवा. पण हे काही दया म्हणून नव्हतं. मला लाज वाटत होती एवढंच. त्या दुखावू नयेत म्हणून मी खोटं वाचलं, आणि त्यांना खरंच हवं होतं, हे मला कुठे ठेवावं तेच कळत नव्हतं.

गेल्या महिन्यात, एका दुपारी, कुणा गडप्रेमी मंडळाच्या मुलाचा फोनवर निरोप आला. ‘सर, अभिनंदन, तुमचं नाव दगडावर गेलं.’ सोबत फोटो. सांबरगडच्या दिंडी दरवाजाशेजारी काळ्या फरशीवर पांढरी अक्षरं. ‘याच दरवाजातून फितूर भिवा नाईक याने शत्रूस आत घेतले. सबनीस विसाजी त्रिंबक यांनी येथे देह ठेवला.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘माहिती : ज्येष्ठ मोडी अभ्यासक श्री. चिं. ह. नूलकर.’

प्रभाकररावांनी मुद्रित केलेला माझा आवाज गावोगाव फिरला होता म्हणे.

मी तो फोटो वत्सलेला दाखवला. तिने चष्मा लावून वाचला. “तुमचं नाव आहे की,” ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुम्हाला आनंद का नाही झाला?”

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ऐकून ती उठली, कपाटातून निळं पत्र काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. “नऊ वर्षं मी विचारत होते,” एवढंच म्हणाली.

केतकीला फोन केला. कावेरीबाई आहेत का, हे विचारायचा धीर होत नव्हता.

“आहेत की,” ती म्हणाली. “मी दिवाळीला जाते त्यांच्याकडे, एकदोनदा पानाच्या दिवशीही गेले. ऐकायला कमी येतं, पण चष्मा लावून सगळं वाचतात. का, सर?”

“त्या अजून पान वाढतात का?”

“पान केळीचं आणतात, दारात ठेवतात. पण वाढत नाहीत. रिकामंच ठेवतात. मी विचारलं तर म्हणाल्या, उत्तर यायचंय.”

मी तिलाही सांगितलं. मग ती म्हणाली, “सर, मी त्याच्या तोंडी काय घातलं होतं आठवतंय का तुम्हाला?”

“आठवतंय.”

“आता खेळ कुणी बदलणार नाही. जुना झाला तो.”

“फरशी बदलता येईल,” मी म्हणालो. गडप्रेमी मंडळाला त्याच दिवशी दुसरं पत्र लिहिलं, प्रभाकररावांना तिसरं. पण पहिलं कावेरीबाईंना. त्यात मी माझी बाजू लिहिली नाही. माफी एकाच वाक्यात मागितली. बाकी तो कागद, मोडीतला बाळबोध अक्षरांत, एकेक ओळ नवी सुरू करून. सहा ओळींना वेळ लागला नाही. सातवी लिहिताना हात थांबला. नऊ वर्षं मी ती पालथी ठेवली होती.

‘मुलीस हे न सांगावे. पण त्याचे पान वर्षास दारी वाढीत जावे. आमचे वाढू नये.’

खाली माझं नाव लिहिलं, तारीख घातली. पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “आजोबा, गडाकडचं टपाल अकराला निघतं. पेटीत टाकलंत तरी आजच जाईल.” पानाची तिथी नऊ दिवसांवर होती. मी पत्र पेटीच्या तोंडाशी धरलं, पत्ता एकदा वाचला, आणि सोडलं.